छपरावरचा पाऊस, परसातली तहान

मे महिन्यात बागेला पाणी कमी पडू लागले की माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसतो. गच्ची शंभर चौरस मीटर. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण 720 मिलिमीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, म्हणजे एकूण 72,000 लिटर. त्यातले काही स्लॅबमध्ये जिरते, काही तापलेल्या फरशीवरून उडून जाते, काही पन्हळीबाहेर सांडते, म्हणून 0.8 ने गुणायचे. उरले 57,600 लिटर. पन्नास चौरस मीटरच्या परसबागेला एवढे पाणी पुरून उरेल असे वाटते आणि दुसऱ्याच दिवशी टाकीच्या किमतींची चौकशी सुरू होते.

या हिशेबातला गुणाकार बरोबर आहे. त्यात तारखा मात्र नाहीत. आपल्याकडचा बहुतेक सगळा पाऊस मृगापासून हस्तापर्यंतच्या चार महिन्यांत पडतो आणि बाग पाणी मागते ती उरलेल्या आठ महिन्यांत. बागेची गरज मोजण्याच्या पद्धती आणि पाऊस साठवण्याच्या पद्धती यांवर गेल्या पाऊणशे वर्षांत उत्तम काम झाले आहे; पण ही दोन कामे सहसा वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वह्यांत केली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या की प्रश्नाचे रूप पालटते.

आधी गरजेकडे पाहू. झाड पाणी पिते म्हणजे बहुतांश पाणी पानांवाटे हवेत सोडते आणि त्याच वेळी भोवतालची मातीही सुकत असते. या दोन्हींच्या बेरजेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. 1948 साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड येथील हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, तापमान, वारा आणि आर्द्रता यांवरून ते काढण्याचे सूत्र मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत थॉर्नथ्वेट यांनी केवळ तापमानावर चालणारी पद्धत दिली. पुढे 1965 मध्ये मॉन्टिथ यांनी पेनमनच्या सूत्रात पानांच्या रंध्रांचा अडथळा धरला. हेच सूत्र जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1998 मध्ये सगळ्यांसाठी प्रमाण म्हणून स्वीकारले. त्यात एक कल्पित हिरवळ गृहीत धरलेली असते: बारा सेंटिमीटर उंच, भरगच्च, पाण्याची कसलीही ददात नसलेली. तिच्यातून रोज किती मिलिमीटर पाणी उडेल ते आधी काढायचे, मग आपल्या पिकाच्या गुणांकाने गुणायचे.

हे सगळे परदेशात घडत होते आणि आपल्याकडे काही नव्हते, असे मात्र नाही. हवामान खात्याचा कृषी हवामानशास्त्र विभाग पुण्यात 1932 साली, एल. ए. रामदास यांच्या पुढाकाराने सुरू झाला. जमिनीलगतच्या हवेच्या अगदी पातळ थरात काय घडते, हा रामदासांच्या अभ्यासाचा विषय होता, आणि बागेतले रोप जगते ते त्याच थरात. खात्याच्या केंद्रांवर आजही दिसणारे बाष्पीभवन पात्र हे गरज मोजण्याचे सर्वांत साधे साधन आहे: सुमारे 122 सेंटिमीटर व्यासाचे उथळ गोल पातेले. पाखरे आणि जनावरे त्यातले पाणी पिऊ नयेत म्हणून आपल्याकडे त्यावर तारेची जाळी बसवतात. पाण्याची पातळी रोज किती उतरली ते पाहायचे आणि ढोबळमानाने 0.7 ने गुणायचे.

घरच्या बागेसाठी पेनमन-मॉन्टिथ सूत्राची मला तरी गरज वाटत नाही. 1985 मध्ये हारग्रीव्हज आणि सामानी यांनी दिलेले सूत्र फक्त दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानावर चालते. सूर्याकडून येणाऱ्या उष्णतेचा आकडा अक्षांश आणि महिना यांवरून तक्त्यात मिळतो. पुण्यातला एप्रिलचा एक दिवस घ्या, कमाल 38 अंश, किमान 21. उत्तर येते सुमारे 7 मिलिमीटर. पावसाळी ढगांत आणि थंडीत हाच आकडा साधारण निम्म्यावर येतो. दमट किनाऱ्यावर हे सूत्र जरा फसते, कारण तिथे दिवस-रात्रीच्या तापमानातला फरकच कमी असतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडे मात्र ते चांगले चालते. शेतकऱ्यांसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याच धर्तीवर ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे मोबाइलवरचे साधनही तयार केले आहे.

खरी अडचण पुढे येते. शेतात एकच पीक असते, बागेत सगळी सरमिसळ. जास्वंदीच्या पायाशी गवती चहा, कुंपणाला कृष्णकमळ, कोपऱ्यात कढीपत्ता, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून संध्याकाळपर्यंत भाजून निघणारा गुलाब. यांना एक गुणांक कसा लावायचा? कॅलिफोर्नियातल्या बागतज्ज्ञांनी याला दिलेले उत्तर मला फार पटते. ते तीन आकडे घेतात: झाडाच्या जातीचा, दाटीचा आणि जागेचा. जातीचा आकडा काटक झाडाला 0.1, तर पाणखाऊ झाडाला 0.9 पर्यंत जातो. विरळ लावणीला दाटीचा आकडा 0.5, तीन मजली दाट लावणीला 1.3. सावलीतल्या जागेला 0.5, आणि तापलेल्या भिंतीजवळच्या किंवा वाऱ्याच्या तोंडावरच्या जागेला 1.4. तिन्हींचा गुणाकार करायचा. एकच जास्वंद पूर्वेच्या सावलीत लावली काय आणि पश्चिमेच्या भिंतीशी लावली काय, पाण्याची मागणी दुपटीहून अधिक बदलते. झाड कुठे लावायचे हा निर्णय टाकी किती मोठी घ्यायची या निर्णयाच्या आधी घ्यावा लागतो, तो यामुळे.

एक आकडा मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. शंभर चौरस मीटर हिरवळीला एप्रिलमध्ये, गुणांक 0.6 धरला तरी, रोज 420 लिटर लागतात. तुषार सिंचनात चौथाई वाया जाते असे धरा, म्हणजे 560 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचे मानक माणशी 135 लिटर आहे. चार माणसांच्या घराचा दिवस 540 लिटरमध्ये होतो. लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या राज्यात शोभेच्या हिरवळीवर रोज एका कुटुंबाचे पाणी ओतणे मला पाहवत नाही.

कुंड्यांना सूत्रे लागू पडत नाहीत. कुंडीचे तोंड लहान, पानांचा पसारा मोठा, आणि बाजूंनी ऊन. तिथे वजन करावे. कुंडीला भरपूर पाणी घालून जादाचे निथळू द्यायचे, मग सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला अडकवायचे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तोलायचे. जितके ग्रॅम घटले तितके मिलिलिटर पाणी उडाले. माझ्या गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीचे वजन मी असे महिनाभर केले, तेव्हा कळले की सवयीने रोज घालत होतो त्यातले निम्मे पाणी तळाच्या भोकातून वाहून जात होते, आणि खताचा अंशही सोबत नेत होते.

जमिनीसाठी आपल्या शेतकऱ्यांकडे याहून जुना आणि नेमका शब्द आहे: वाफसा. माती भिजलेली आहे, पण चिखल नाही. मूठ वळते, पण बोटाने दाबली की फुटते. सूक्ष्म पोकळ्यांत पाणी आहे आणि मोठ्या पोकळ्यांत हवा. बागेला पाणी देण्याचा उद्देश वाफसा टिकवणे हा असतो, माती चिंब ठेवणे नव्हे. पाच-सहा इंच खोल खुरपी घालून माती हातात घेतली की पाणी आज द्यायचे की परवा, याचे उत्तर मिळते. सूत्र दर दिवशी किती मिलिमीटर उडाले ते सांगते आणि वाफसा सांगतो की ते सूत्र आपल्या मातीत खरे ठरते आहे की नाही. मला दोन्ही हवी असतात.

आता आपल्या पन्नास चौरस मीटरच्या परसबागेकडे परत येऊ. परतीचा पाऊस थांबल्यापासून पुढच्या मृगापर्यंत साधारण 235 दिवस. या काळाची सरासरी 5 मिलिमीटर, बागेचा गुणांक 0.6, म्हणजे रोज 3 मिलिमीटर, अर्थात 150 लिटर. देताना वाया जाणारे धरून 200 लिटर. एकूण 47,000 लिटर. छपरावरून मिळणाऱ्या 57,600 लिटरपेक्षा हे कमीच आहे. पण ते साठवायचे तर 47 घनमीटरची टाकी हवी: चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि जवळपास तीन मीटर उंच. म्हणजे घरातली एक खोली पाण्याने शिगोशिग भरून ठेवायची, आणि तीही पुढच्या मृगापर्यंत रिकामी होत जाणारी.

प्रत्यक्षात लोक पाच हजार लिटरची टाकी घेतात. शंभर चौरस मीटर छपरावर ताशी 50 मिलिमीटरचा जोराचा सपाटा आला तर ती तासा-सव्वा तासात भरते. त्या घटकेपासून तिच्यावरून वाहणाऱ्या पाण्याला वाट काढून देणे हेच मुख्य काम होते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके तेच विसरले जाते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची भरलेली ही टाकी रोज 200 लिटरच्या हिशेबाने पंचवीस दिवसांत, दिवाळीच्या मागेपुढे तळ दाखवते. पावसाने दडी मारलेल्या आठवड्यांत ती आणखी पाच-सात हजार लिटर देईल. वर्षाकाठी हाती येते ते दहा-बारा हजार, कागदावरच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्याएवढे.

टाकीचा आकार ठरवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत 1883 पासून आहे. रिपल नावाच्या अभियंत्याने धरणांसाठी ती मांडली: येणारे पाणी आणि जाणारे पाणी यांची चढती बेरीज एकाच कागदावर काढायची, दोन रेषांमधले सर्वांत मोठे अंतर म्हणजे लागणारा साठा. आज हेच काम संगणकावरच्या तक्त्यात दिवसागणिक करता येते, आणि ते करावेच. मात्र सरासरी पाऊस घालून करू नये. आपल्याकडे एकाच जुलैत पंधरा दिवस कोरडे आणि तीन दिवस धो-धो असू शकतात. सरासरीत हे दोन्ही पुसले जातात.

जुन्या लोकांनी साठ्याचे माप गरजेवरून ठरवले होते, छपरावरून नव्हे. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत शंभराहून अधिक गुहा आहेत. तिथल्या कोरीव लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. गुहेसमोर खडकात कोरलेली पोढी आणि तिच्याकडे उतारावरचे पाणी आणणाऱ्या खडकातल्याच पन्हळी आजही पाहता येतात. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढचा, खडक अभेद्य, आणि गरज भिक्षूंच्या पिण्या-वापरण्यापुरती. बागेची गरज तशी आटोक्यात नसते. म्हणून ‘आपल्या पूर्वजांनी साठवले, मग आपण का नाही’ हा युक्तिवाद बागेच्या बाबतीत अर्धाच खरा आहे.

टाकीला तिचे काम आहेच. रोपवाटिका, बी रुजत घातलेले वाफे, ऑगस्टमधला पावसाचा खंड आणि कुंड्या, यांसाठी ते पाणी अमोल आहे. बोअरचे क्षारयुक्त पाणी घालून कुंडीच्या कडेला पांढरी पुटे धरतात, ती पावसाच्या पाण्याने धुऊन निघतात. मोसमातल्या पहिल्या पावसाचे दोनेक मिलिमीटर, म्हणजे आपल्या छपराचे 200 लिटर, कबुतरांची घाण आणि धूळ घेऊन येते. ते बाजूला सोडायची सोय हवी. टाकीत उजेड गेला की शेवाळ, आणि बारीक फट राहिली की डास. डेंगीचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतात, त्यामुळे झाकण आणि जाळी यांत हयगय नको.

मग उरलेल्या पंचेचाळीस हजार लिटरचे काय? इथे मातीकडे वळावे लागते. चांगली पोयट्याची किंवा काळी माती झाडाला उपलब्ध होईल असे पाणी मीटरभर खोलीत साधारण 150 मिलिमीटर धरते. मुळे अर्धा मीटर खोल गेली आहेत असे धरले तर पन्नास चौरस मीटर बागेच्या पोटात 3,750 लिटर मावतात. त्यातले निम्मे झाड सहज ओढते. म्हणजे बारा दिवसांचे पाणी, ना टाकीचा खर्च, ना पंप. पण पुण्याच्या टेकड्यांवरच्या बंगल्यांत सहा इंच मातीखाली मुरूम लागतो, आणि नव्या सोसायट्यांत बांधकामाच्या राडारोड्यावर लाल मातीचा पातळ थर पसरून त्यालाच बाग म्हणतात. तिथे टाकीवर पैसे खर्च करण्याआधी मातीची खोली वाढवावी, शेणखत आणि पालापाचोळा घालावा. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर दहा गुंठ्यांतल्या शेतीचे गणित मांडताना घरच्या काडीकचऱ्यापासून माती घडवण्यावर इतका भर का देत, ते हा हिशेब केल्यावर उमगते. वर सात-आठ सेंटिमीटर आच्छादन असले की मातीतून थेट उडणारे पाणी फार घटते. पालापाचोळा जाळणारे लोक आपल्याच बागेचे पाणी जाळत असतात.

टाकीवरून वाहणारे पाणी गटारात सोडण्याऐवजी बागेतल्या उथळ चरांत फिरवावे. घराच्या पायापासून दोन-तीन मीटर लांब, आणि काळ्या मातीत जादा पाणी निघून जायला वाट ठेवून. नव्या रोपांना गळ्यापर्यंत पुरलेले मडके सर्वांत काटकसरीचे. भाजक्या मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते ते भोवतालची माती कोरडी असेल तेव्हाच, त्यामुळे मडके स्वतःच गरज ओळखते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे.

कोकणात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने दिसतो. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाडीतल्या विहिरी खडखडतात. जांभा दगड पाणी पितो तसेच सोडूनही देतो. मोठ्या माडाला ठिबकने उन्हाळ्यात रोज सुमारे 30 लिटर लागतात. दहा माडांचे डिसेंबर ते मेचे शिंपणे म्हणजे 54,000 लिटर. तेवढे साठवणे कुणाच्या आवाक्यात नाही. तिथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण जलकुंड’ सुचवले, त्यामागचा विचार मला या साऱ्या विषयात सर्वांत शहाणा वाटतो. चार मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल खड्डा, आत प्लास्टिकचा कागद, 4,000 लिटर पाणी, आणि ते दहाएक आंबा-काजूच्या कलमांपुरते. म्हणजे दर कलमाला दिवसाला दीड-दोन लिटर. तेवढ्यावर कलम वाढत नाही, जगते. आणि पहिली दोन-तीन वर्षे जगले की मुळे स्वतःचे पाणी शोधतात. साठा मोजका असेल तर तो कुणासाठी खर्चायचा हे आधी ठरवलेले आहे.

शहरांत या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. मुंबईत 2002 पासून एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे झाले, 2007 मध्ये ती मर्यादा 300 चौरस मीटरवर आणली. तमिळनाडूने 2003 मध्ये सगळ्याच इमारतींना ते लागू केले. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ पाणी जमिनीत सोडणे असा घेतला गेला. ते चांगलेच आहे. पण महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग बेसाल्टचा आहे, आणि या खडकात पाणी राहते ते भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. आपण मुरवलेले पाणी आपल्याच बोअरला लागेल याची हमी नसते. ते शेजाऱ्याच्या विहिरीत किंवा खालच्या ओढ्यात निघेल. पुनर्भरण करावे ते वस्तीचे काम म्हणून; बागेच्या मे महिन्याच्या हिशेबात ते धरू नये.

एवढे करूनही फेब्रुवारी ते मे हा काळ उरतोच. त्याचे उत्तर जुन्या घरांच्या मागच्या अंगणात होते. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळूचा वाफा, त्यापुढे केळी, कर्दळ. भारतीय मानकात माणशी 135 लिटरपैकी 55 लिटर आंघोळीचे धरले आहेत. चार माणसांचे रोजचे 220 लिटर. आपल्या परसबागेची गरज 200 लिटर. हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो. हे पाणी रोज येते, एप्रिलमध्येही येते, आणि त्याला टाकी लागत नाही. उलट ते साठवूच नये, एका दिवसात त्याला वास येतो. साबणातल्या क्षारांचा प्रश्न खरा आहे: कपड्यांच्या पावडरचे पाणी दूर ठेवावे, कच्च्या खायच्या पालेभाज्यांना हे पाणी देऊ नये, जागा आलटून-पालटून द्यावे. आणि साचलेले क्षार धुऊन काढायला जूनमध्ये छपरावरचे पन्हळीचे पाणी त्याच वाफ्यांत सोडावे.

पुढच्या वर्षीसाठी मी बागेचा नकाशा याच क्रमाने आखला आहे. मोरीच्या पाइपाखाली केळ आणि अळू, त्यापलीकडे लिंबू, कढीपत्ता, शेवगा. पश्चिमेच्या भिंतीशी गुलाबाऐवजी कोरफड आणि बोगनवेल. भाजीचे वाफे जून ते जानेवारी, नंतर ते पालापाचोळ्याखाली झाकून विश्रांतीला. टाकी दोन हजार लिटरची, फक्त कुंड्या आणि रोपांसाठी. तिच्यावरून वाहणारे पाणी लिंबाच्या आळ्याला वळसा घालून शेवग्याकडे जाईल. चर खणायला वळवाच्या आधीचे दोन आठवडे राखून ठेवले आहेत, कारण एकदा पाऊस लागला की या मातीला कुदळ लागत नाही.